खेळिया, प्रेक्षक आणि जागेचा मालक

प्रसिद्ध व्यक्तीची चरित्रकथा सांगताना आपल्याकडे बहुधा दोन साचे वापरले जातात. पहिला प्रतिकूल परिस्थितीशी झगडून वर आलेल्या माणसाचा, दुसरा जन्मजात प्रतिभा घेऊन आलेल्या माणसाचा. शालेय पाठ्यपुस्तकांपासून गौरवग्रंथांपर्यंत हेच दोन साचे आलटून पालटून भेटतात. व्हिडिओ गेम खेळता खेळता आणि त्या खेळण्याचे इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण करता करता जगभर ओळखल्या जाऊ लागलेल्या तरुणाची कथाही आज याच साच्यांत ओतली जाते : घरात बसून खेळत राहिला, लोकांनी नावे ठेवली, जिद्द सोडली नाही, कोट्यधीश झाला. ही कथा ऐकायला बरी वाटते. इतिहास म्हणून मात्र ती अपुरी आहे. तिच्यात माणूस दिसतो, पण तो ज्या जागेवर उभा होता ती जागा दिसत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही रिचर्ड टायलर ब्लेव्हिन्स उर्फ 'निंजा' या अमेरिकी स्ट्रीमरच्या उदयाचा इतिहास मांडू इच्छितो. व्हिडिओ गेमचे थेट प्रक्षेपण करणाऱ्यांपैकी मुख्य प्रवाहातील नियतकालिकांच्या आणि दूरचित्रवाणीच्या परिचयाचा झालेला तो पहिल्या काही चेहऱ्यांपैकी एक. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उमटेल. त्याचे उत्तर एवढेच की, कीर्तनकार, शाहीर, नट यांच्या निमित्ताने आपण प्रयोगरूप कलांचा विचार करतो, तेव्हा ज्या संकल्पना वापरतो (प्रयोग, भूमिका, रंगावकाश, प्रेक्षक, आश्रय) त्या सर्वांची येथे नव्याने कसोटी लागते. आपल्या वर्गातील विद्यार्थी ज्या प्रयोगांचे प्रेक्षक आहेत, त्या प्रयोगांविषयी आपल्याकडे परिभाषाच नसावी, ही स्थिती अध्यापनाच्या दृष्टीने फार काळ चालण्यासारखी नाही.

रंगमंच आधी, नट नंतर

निंजाची कथा त्याच्या जन्मापासून सुरू करण्याऐवजी मार्च २००७ पासून सुरू करावी लागेल. त्या महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जस्टिन कान नावाच्या तरुणाने टोपीवर कॅमेरा लावून स्वतःच्या आयुष्याचे अहोरात्र थेट प्रक्षेपण सुरू केले. त्याच्या नावावरूनच या संकेतस्थळाला 'जस्टिन डॉट टीव्ही' हे नाव मिळाले होते. एमेट शिअर, मायकेल सायबेल आणि काइल व्होग्ट हे त्याचे सहकारी. एका माणसाचे दैनंदिन जगणे पाहण्यात लोकांना फार काळ रस राहिला नाही. मात्र याच यंत्रणेवरून इतरांनाही स्वतःचे प्रक्षेपण करण्याची मुभा मिळाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली : लोकांना इतरांचे व्हिडिओ गेम खेळणे पाहायला आवडते. जून २०११ मध्ये खेळांचा हा विभाग 'ट्विच' या नावाने वेगळा काढण्यात आला. ऑगस्ट २०१४ मध्ये मूळ जस्टिन डॉट टीव्ही बंद झाले आणि त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉनने ट्विच सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतले.

खेळ पाहण्याची ही आवड अमेरिकेतच जन्मली असे मात्र नाही. दक्षिण कोरियात इ. स. २००० पासूनच 'ऑनगेमनेट' ही केवळ व्हिडिओ गेमला वाहिलेली दूरचित्रवाहिनी चालू होती आणि 'स्टारक्राफ्ट' खेळणारे तरुण तेथे नामांकित खेळाडू ठरले होते. परंतु दूरचित्रवाणीवरील खेळाडू आणि ट्विचवरील स्ट्रीमर यांत एक मूलभूत भेद आहे. पहिला सामन्यापुरता दिसतो. त्याच्या वतीने बोलणारा समालोचक वेगळा असतो. दुसरा स्वतःच खेळाडू, स्वतःच समालोचक आणि स्वतःच निवेदक असतो. पडद्याच्या मोठ्या भागावर खेळ, कोपऱ्यातील चौकटीत त्याचा चेहरा आणि बाजूला प्रेक्षकांच्या संदेशांची अखंड सरकणारी पट्टी, अशी ही रचना आहे. माध्यम-अभ्यासक टी. एल. टेलर यांनी 'वॉच मी प्ले' (२०१८) या ग्रंथात खासगी खेळाचे सार्वजनिक मनोरंजनात होणारे रूपांतर अभ्यासले आहे. आम्हांला त्या रूपांतरातील एक बाब विशेष महत्त्वाची वाटते : येथे रंगमंच आधी उभा राहिला, त्याला साजेसा नट नंतर आला.

नुडल्सच्या दुकानातून

ब्लेव्हिन्सचा जन्म १९९१ चा, मिशिगन राज्यातील. बालपण इलिनॉय राज्यातील ग्रेस्लेक या गावी गेले. शाळेत तो फुटबॉल खेळत असे. २००९ च्या सुमारास 'हेलो ३' या नेमबाजीच्या खेळाच्या स्पर्धांतून तो उतरू लागला. पुढील काही वर्षे त्याने एकामागून एक संघ बदलले. त्याच काळात तो 'नूडल्स अँड कंपनी' या उपाहारगृहात नोकरीही करीत होता. २०११ मध्ये त्याने जस्टिन डॉट टीव्हीवरून प्रक्षेपणास आरंभ केला आणि तेथून तो ट्विचवर आला.

चरित्रलेखक ज्या टप्प्याला 'उमेदवारीचा काळ' म्हणून दोन वाक्यांत उरकतात, तो काळ येथे सहा वर्षांचा आहे. २०११ ते २०१७ या अवधीत निंजा हा चांगला खेळाडू होता, बोलका होता, नियमित होता. पण प्रसिद्ध नव्हता. म्हणजे ज्या गुणांमुळे तो मोठा झाला असे नंतर सांगितले गेले, ते गुण त्याच्याजवळ आधीही होते. मग २०१७ मध्ये नेमके काय बदलले? बदलला तो खेळ.

'बॅटल रॉयल' या प्रकाराचे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नसावे. जपानी लेखक कौशुन ताकामी यांची याच नावाची कादंबरी १९९९ मध्ये आली आणि २००० मध्ये किंजी फुकासाकू यांनी तिच्यावर चित्रपट केला. एका बेटावर सोडलेल्या शाळकरी मुलांनी शेवटचा एक उरेपर्यंत परस्परांना मारावे, अशी ती भीषण कल्पना. व्हिडिओ गेमच्या निर्मात्यांनी तिच्यातील राजकीय भीषणता काढून टाकली आणि चौकट तेवढी उचलली : शंभर खेळाडू, आकसत जाणारे रणांगण, शेवटी उरणारा एकच. कादंबरीतील शिक्षेचे खेळात विरंगुळ्यात झालेले हे रूपांतर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच नोंदवू की, २०१७ मध्ये 'पब्जी'ने हा प्रकार लोकप्रिय केला आणि २६ सप्टेंबर २०१७ रोजी एपिक गेम्स या कंपनीने 'फोर्टनाइट बॅटल रॉयल' विनामूल्य उपलब्ध करून दिले.

फोर्टनाइटची तीन वैशिष्ट्ये निंजाच्या पथ्यावर पडली. एक, तो फुकट होता, त्यामुळे शाळकरी मुलांना आईवडिलांकडे पैसे मागावे लागत नव्हते. दोन, त्याचे चित्रण व्यंगचित्रासारखे, रक्तविरहित होते. घरातील वडीलधाऱ्यांची नजर चुकवून पाहावे असे त्यात काही नव्हते. तीन, त्यात गोळीबाराबरोबरच क्षणार्धात भिंती, जिने उभारण्याचे कौशल्य लागत असे आणि हे कौशल्य खेळ न येणाऱ्यालाही डोळ्यांना जाणवत असे. आपल्याला येत नाही, पण दुसऱ्याला किती चांगले येते हे कळते, अशा स्थितीतच प्रेक्षक जन्माला येतो. बैठकीत गाणे न येणारा श्रोताही तान दाद देण्याजोगी आहे हे ओळखतो, तसेच हे. सप्टेंबर २०१७ मध्ये निंजाचे ट्विचवर सुमारे ५ लाख अनुयायी होते. पुढच्या सहा महिन्यांत ते २० लाखांवर गेले.

१४ मार्च २०१८

त्या रात्री निंजाबरोबर फोर्टनाइट खेळण्यास ड्रेक हा विख्यात रॅप गायक आला. पाठोपाठ ट्रॅव्हिस स्कॉट हा दुसरा गायक आणि जूजू स्मिथ-शूस्टर हा अमेरिकी फुटबॉलचा खेळाडूही आला. एकाच वेळी हे प्रक्षेपण पाहणाऱ्यांची संख्या ६ लाखांच्या पुढे गेली. त्याआधी ट्विचवर एका व्यक्तीच्या प्रक्षेपणाचा विक्रम ४ लाखांच्या आतच होता. पुढच्या महिन्यात लास व्हेगास येथील त्याच्या स्वतःच्या स्पर्धेच्या वेळी हाही आकडा मागे पडून ६ लाख ६७ हजारांवर पोहोचला.

या रात्रीचे वर्णन बहुधा 'गेमिंगला प्रतिष्ठा मिळाली' अशा शब्दांत केले जाते. आमच्या मते घडले ते थोडे निराळे. त्या रात्री जुन्या प्रकारची कीर्ती नव्या प्रकारच्या कीर्तीच्या घरी पाहुणी आली. ड्रेकची प्रसिद्धी दूरत्वावर उभी होती : ध्वनिमुद्रिका, रंगमंच, सुरक्षारक्षक. निंजाची प्रसिद्धी उपलब्धतेवर उभी होती : रोज, ठरलेल्या वेळी, तासन्‌तास, तुमच्या नावाने तुम्हांला उत्तर देणारी. दूरच्या माणसाला जवळच्या माणसाच्या खोलीत साध्या गप्पा मारताना पाहणे हेच त्या प्रयोगाचे खरे आशयद्रव्य होते. खेळ हे निमित्त.

यानंतरचे मानसन्मान वेगाने आले. सप्टेंबर २०१८ मध्ये 'ईएसपीएन द मॅगझिन'च्या मुखपृष्ठावर तो झळकला. व्यावसायिक गेमरला हे स्थान प्रथमच मिळत होते. एप्रिल २०१९ मध्ये 'टाइम'ने शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत त्याचा समावेश केला. मात्र या दोहोंच्या मध्ये एक छोटासा प्रसंग घडला, जो इतिहासाच्या दृष्टीने आम्हांला अधिक बोलका वाटतो. ३१ डिसेंबर २०१८ च्या रात्री न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर नववर्षाच्या स्वागतासाठी जमलेल्या समुदायाला त्याने फोर्टनाइटमुळे घरोघरी पोचलेले 'फ्लॉस' हे नृत्य एकसाथ करण्याचे आवाहन केले. समुदाय जवळजवळ ढिम्म राहिला. लक्षावधी प्रेक्षक असलेल्या माणसाच्या हाकेला समोरच्या रस्त्यावरून ओ आली नाही. त्याचे प्रेक्षक खोटे नव्हते, ते तेथे नव्हते, इतकेच. त्याची कीर्ती एका विशिष्ट जागेत वसली होती, आणि ती जागा टाइम्स स्क्वेअर नव्हती.

दौलतजादा

ही कीर्ती पैशात कशी रूपांतरित होत होती हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. ट्विचवरील प्रक्षेपण पाहण्यास शुल्क नाही. तरीही प्रेक्षक आवडत्या स्ट्रीमरचा मासिक वर्गणीदार होऊ शकतो. त्या काळी ही वर्गणी महिन्याला ४.९९ डॉलर होती; साधारणपणे त्यातील निम्मी स्ट्रीमरला मिळत असे, बड्या स्ट्रीमरना अधिक. अ‍ॅमेझॉनच्या 'प्राइम' सभासदांना दरमहा एक वर्गणी मोफत देता येत होती. २०१८ च्या आरंभी या सभासदांना फोर्टनाइटमधील काही वस्तूही भेट मिळू लागल्या आणि त्या घेण्यासाठी आलेल्या अनेकांच्या मोफत वर्गण्या निंजाच्या पारड्यात पडल्या. एप्रिल २०१८ मध्ये त्याचे सुमारे २ लाख ६९ हजार वर्गणीदार होते. मार्च २०१८ मध्ये त्याने आपली मासिक कमाई ५ लाख डॉलरहून अधिक असल्याचे एका मुलाखतीत सांगितले. २०१८ या संपूर्ण वर्षाची कमाई त्याच्याच सांगण्यानुसार १ कोटी डॉलरच्या जवळपास होती.

'वर्गणीदार' हा शब्द मराठी नियतकालिकांच्या वाचकाला जिव्हाळ्याचा आहे. परंतु नियतकालिकाचा वर्गणीदार अंक मिळावा म्हणून पैसे देतो. येथे जे सर्वांना फुकट मिळते त्यासाठीच काहीजण पैसे देतात. मग ते नेमके कशासाठी देतात? आपल्या परंपरेत याचे उत्तर देणारा शब्द आहे : दौलतजादा. तमाशाच्या फडात प्रेक्षक पैसे देतो आणि देणाऱ्याचे नाव मंचावरून पुकारले जाते. दिलेल्या पैशाचा मोबदला म्हणजे ते पुकारलेले नाव. ट्विचवर नवा वर्गणीदार आला की पडद्यावर त्याचे नाव झळकते, स्ट्रीमर ते मोठ्याने वाचून आभार मानतो. काही क्षण तरी लाखोंच्या समुदायात आपण निनावी नाही, ही जाणीव विकत मिळते. भेद आहे तो इतकाच की, फडात नाव पुकारणारा आणि पैसे देणारा एकमेकांना पाहू शकत होते.

या एकतर्फी जवळिकीचे निरीक्षण डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच नोंदवले होते. दूरचित्रवाणीवरील निवेदक कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो, तेव्हा प्रेक्षकाला तो आपल्याशीच बोलत असल्याचा भास होतो आणि हळूहळू त्यातून एक नाते तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्ट्रीमरच्या बाबतीत हा भास अधूनमधून खराही ठरतो. तो कधीकधी खरोखरच उत्तर देतो. त्यामुळे ही जवळीक अधिक चिवट होते आणि तिची देखभालही अधिक कष्टाची होते.

विश्रांतीची किंमत

ही देखभाल म्हणजे काय, याचा पुरावा जून २०१८ मध्ये मिळाला. लॉस एंजेलिसमध्ये फोर्टनाइटची नामवंतांसाठीची एक स्पर्धा झाली. निंजा आणि मार्शमेलो हा संगीतकार या जोडीने ती जिंकली. १० लाख डॉलरचे पारितोषिक धर्मादाय कार्यासाठी होते. या प्रवासामुळे निंजा दोन दिवसांहूनही कमी काळ प्रक्षेपणापासून दूर होता. तेवढ्यात आपले ४० हजार वर्गणीदार घटले, असे त्याने जाहीरपणे सांगितले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, तो आजारी नव्हता, सुटीवर नव्हता, तो त्याच खेळाची स्पर्धा जिंकत होता. तरीही घरच्या कॅमेऱ्यासमोरची त्याची खुर्ची रिकामी होती, आणि मोजदाद त्या खुर्चीची होत होती.

योहान हायझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळ ही स्वेच्छेने केलेली, दैनंदिन व्यवहाराच्या बाहेरची, भौतिक लाभाशी न जोडलेली कृती मानली आहे. या कसोटीवर निंजाचे खेळणे खेळ ठरत नाही. पण त्याला निखळ श्रम म्हणावे, तर त्या श्रमातून जे विकले जाते ते 'मी मजेत खेळतो आहे' हे दृश्यच असते. थकवा लपवून आनंद दाखवणे हे नटाचे जुनेच काम. मात्र नटाला पडदा पडल्यावर रंग पुसता येतो. दिवसाकाठी दहा-बारा तास स्वतःचीच भूमिका करणाऱ्याला रंग पुसायला वेगळा चेहरा कोठून आणायचा?

या जवळिकीची दुसरी बाजू अधिक अप्रिय आहे आणि ती टाळून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार्च २०१८ मध्ये प्रक्षेपण चालू असताना एक रॅप गुणगुणताना त्याने कृष्णवर्णीयांविषयीचा अपमानकारक शब्द उच्चारला आणि टीकेनंतर क्षमा मागितली. ऑगस्ट २०१८ मध्ये, आपण स्त्री-खेळाडूंबरोबर प्रक्षेपण करीत नाही, कारण त्यातून उठणाऱ्या वावड्यांचा वैवाहिक जीवनावर परिणाम होईल, असे त्याने मुलाखतीत सांगितले. त्याची पत्नी जेसिका ही त्याची व्यवस्थापकही होती. त्याची भीती निराधार नव्हती. स्ट्रीमरच्या खासगी आयुष्यावर हक्क सांगणारा प्रेक्षक ही वस्तुस्थिती आहे. परंतु त्या भीतीची किंमत त्याने नव्हे, तर त्याच क्षेत्रात धडपडणाऱ्या स्त्रियांनी मोजायची होती. त्या काळी निंजाशेजारी एक तास बसायला मिळणे म्हणजे लाखो प्रेक्षकांशी ओळख होणे होते. ते दार अर्ध्या खेळाडूंना लिंगावरून बंद झाले. टीका झाल्यावर त्याने खुलासा केला; पण व्यक्तीच्या हेतूपेक्षा व्यवस्थेची रचना येथे अधिक महत्त्वाची आहे. जेथे जवळीक हाच माल असतो, तेथे कोणाच्या जवळ कोण दिसते हाही बाजारभावाचा प्रश्न होतो.

प्रेक्षक कोणाचे?

१ ऑगस्ट २०१९ रोजी निंजाने ट्विच सोडून मायक्रोसॉफ्टच्या 'मिक्सर' या प्रतिस्पर्धी संकेतस्थळावर जात असल्याचे जाहीर केले. कराराची रक्कम अधिकृतपणे प्रसिद्ध झाली नाही, तरी ती कोट्यवधी डॉलरची असल्याच्या वार्ता होत्या. त्या वेळी ट्विचवर त्याचे १ कोटी ४० लाखांहून अधिक अनुयायी होते. पाच दिवसांत मिक्सरवरील त्याच्या वर्गणीदारांनी १० लाखांचा टप्पा ओलांडला, मात्र ही वर्गणी आरंभी मोफत देऊ केलेली होती. ट्विचने त्याच्या रिकाम्या झालेल्या पानावर इतरांची प्रक्षेपणे दाखवण्यास सुरुवात केली. त्यांत एक अश्लील प्रक्षेपण वर आल्याने ट्विचचे प्रमुख एमेट शिअर यांना जाहीर क्षमा मागावी लागली. ज्या पानावर अनेक वर्षे त्याचे नाव होते, ते पान त्याचे कधीच नव्हते, हे त्या प्रसंगाने उघड झाले.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला येथे १९१३ साल आठवेल. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. प्रेक्षक बालगंधर्वांच्या मागे गेला. निंजाच्या मागे तो त्या प्रमाणात गेला नाही. त्याच्या जाण्याने मिक्सरचे नाव झाले, पण तेथे प्रेक्षकांचा ओघ वळला नाही. २२ जून २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने मिक्सर बंद करण्याची घोषणा केली आणि महिन्याभरात ते बंद झाले. सप्टेंबर २०२० मध्ये निंजा पुन्हा ट्विचवर परतला.

हा फरक का पडला असावा? बालगंधर्वांची गायकी दुसरीकडे ऐकायला मिळत नव्हती म्हणून प्रेक्षक तिच्या शोधात नव्या मंडळीच्या नाट्यगृहात गेला, हे एक उत्तर. पण अधिक नेमके उत्तर प्रेक्षकांच्या आपापसांतील नात्यात आहे. ट्विचच्या प्रेक्षकाला निंजाबरोबरच तेथील गप्पांची पट्टी, सांकेतिक चित्रे, मित्र आणि एका दारातून दुसऱ्या दारात डोकावण्याची सोय हवी असते. तो वाड्यात राहतो. निंजा हे त्या वाड्यातील सर्वांत गजबजलेले बिऱ्हाड होते. बिऱ्हाड हलले म्हणून अख्खा वाडा हलत नाही. शिवाय शेजारच्या खोलीत तोच खेळ खेळणारा दुसरा तयारच होता. कौशल्याच्या बाबतीत तर काळ निष्ठुर ठरला : जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या फोर्टनाइट विश्वचषकाच्या अंतिम फेरीसाठी निंजा पात्र ठरला नाही आणि वैयक्तिक विजेतेपदाचे ३० लाख डॉलर काइल गिअर्सडॉर्फ या १६ वर्षांच्या मुलाने जिंकले. त्या मुलाचे कौशल्य निर्विवाद होते; पण निंजाएवढी कीर्ती त्यालाही मिळाली नाही. कौशल्याने दार उघडते, घर मिळतेच असे नाही.

एप्रिल २०२१ मध्ये लुडविग आग्रेन या स्ट्रीमरने वर्गणीदारांचा निंजाचा विक्रम मोडला. प्रत्येक नव्या वर्गणीगणिक घड्याळात काही क्षण वाढतील आणि घड्याळ शून्यावर येईपर्यंत प्रक्षेपण थांबणार नाही, अशी त्याची योजना होती. ते प्रक्षेपण ३१ दिवस चालले; तो झोपत असे तेव्हाही कॅमेरा चालू होता आणि झोपलेल्या माणसाला हजारो लोक पाहत होते. शेवटी त्याच्या वर्गणीदारांची संख्या २ लाख ८३ हजारांवर गेली. २००७ मधील टोपीवरच्या कॅमेऱ्याशी हे वर्तुळ जाऊन मिळते. तेव्हा कंटाळवाणे ठरलेले अहोरात्र जगणे चौदा वर्षांनी विक्रमी ठरले. मधल्या काळात जवळिकीला भाव आला होता. निंजानेही सप्टेंबर २०२२ मध्ये अल्प विरामानंतर एकाच वेळी अनेक मंचांवरून प्रक्षेपण करण्याचा मार्ग स्वीकारला. आपला प्रेक्षक कोणा एकाच्या जागेत अडकू नये, हा त्याने अनुभवातून काढलेला निष्कर्ष असावा, असे आम्हांला वाटते.

भारतात जागेच्या मालकीचा हा प्रश्न आणखी एका अंगाने पुढे आला. मुंबईचा नमन माथुर उर्फ 'मॉर्टल' आणि त्याच्यासारखे अनेक स्ट्रीमर 'पब्जी मोबाइल' या खेळाच्या आधारे नावारूपाला आले होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने सुरक्षेच्या कारणास्तव त्या खेळावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. येथे मंच यूट्यूबचा, खेळ परदेशी कंपनीचा आणि परवानगी शासनाची. खेळियाच्या मालकीचे काय, तर त्याचा आवाज आणि त्याची सवय लागलेले प्रेक्षक. त्या प्रेक्षकांनी खेळ नसतानाही त्यांची साथ बऱ्याच अंशी सोडली नाही, ही मात्र निंजाच्या कथेला छेद देणारी आणि स्वतंत्र अभ्यास मागणारी गोष्ट आहे.

समारोप

या सर्व विवेचनातून आम्हांला तीन गोष्टी निष्पन्न होताना दिसतात. पहिली, स्ट्रीमरची कीर्ती ही गुण, परिश्रम आणि जागा या तिन्हींची निर्मिती असते. पैकी तिसरीचा उल्लेख यशोगाथांतून वगळला जातो, कारण ती मान्य केली की यश 'स्वकष्टार्जित' म्हणता येत नाही. दुसरी, येथे प्रेक्षक हा केवळ आस्वादक नाही. तो दाता आहे, सहलेखक आहे आणि पुष्कळदा पहारेकरीही आहे. तिसरी गोष्ट इतिहासलेखनाची. ट्विचवरील प्रक्षेपणे ठरावीक दिवसांनंतर पुसली जातात, आणि मिक्सर तर समूळ नाहीसे झाले. उरतात ते आकडे आणि तुटक चित्रफिती. प्रेक्षक काय बोलत होते, कशावर हसत होते, कंटाळा आल्यावर काय करीत होते, हे सारे विरून जाते.

जुन्या नाटक मंडळ्यांच्या अंतरंगाविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातील बरेचसे नटांनी आणि रसिकांनी लिहून ठेवलेल्या आठवणींमुळे. आजच्या प्रेक्षकाने मात्र सर्व काही यंत्रात नोंदलेले आहे अशा समजुतीने लिहून ठेवणे सोडले आहे. यंत्रातील नोंद जागेच्या मालकाची असते. त्याला परवडेनासे झाले की ती जाते. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू : तुम्ही रात्री जे पाहता, त्याविषयी सकाळी दोन पाने लिहा. कोण खेळत होते, काय बोलले गेले, तुम्ही तेथे का थांबलात, केव्हा उठलात. खेळियांचा इतिहास कंपन्यांच्या घोषणांतून मिळेल. प्रेक्षकांचा इतिहास प्रेक्षकांनीच लिहावा लागेल.